चौथ्या मजल्यावर नेलेल्या कादंबऱ्या

आई, दोर तुटला म्हणून लिफ्ट कोसळत नाही. हे मी तुला कधी सांगू शकले नाही, कारण तू गेलीस तेव्हा मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि मलाच ते माहीत नव्हतं. लिफ्टला एक दोर नसतो, चार-पाच असतात. ते सगळे एकदम तुटले असं धरलं, तरी लिफ्टच्या पोटाखाली लोखंडी जबडे असतात. वेग मर्यादेबाहेर गेला की ते दोन्ही बाजूंचे रूळ घट्ट पकडतात आणि लिफ्ट आहे तिथे थांबते. मध्यंतरी मी एक थरारक कादंबरी वाचली. दादरच्या दुकानात दाराशीच तिचा ढीग रचला होता. त्यात खलनायक दोर कापतो आणि बिल्डर चौदाव्या मजल्यावरून थेट तळघरात जातो. मी तिथेच पुस्तक मिटलं. मग पुन्हा उघडून संपवलं, कारण अर्धवट वाचून मत द्यायचं नाही हा तुझा नियम मी अजून पाळते. मत असं: वेग चांगला, संवाद बरे, तपास करणारी बाई जरा जास्तच हुशार, आणि मुख्य खून अशक्य. एवढं मत तयार झालं आणि ते सांगायला कुणी नव्हतं. ऑफिसात सगळे मालिका बघतात. फोनवर एक ॲप आहे, तिथे पुस्तकाला तारे द्यायचे असतात. अर्धा तारा म्हणजे नेमकं काय, याची व्याख्या तिथे कुठेही दिलेली नाही, म्हणून मी तारे देत नाही. दादरला एका वाचकगटात दोनदा जाऊन आले. तिथे प्रत्येक जण आपलं बोलून झालं की फोन बघत बसतो. मी जे बोलले ते एका गृहस्थांना "अहवालासारखं" वाटलं. त्यांचं चूक नव्हतं.

तुझं वाचनालय आता नाही. गिरगावातल्या त्या गाळ्यात केकचं दुकान आहे. तुझं टेबल होतं तिथे काचेचं कपाट, त्यात गुलाबी केक. मी कामासाठी त्या रस्त्याने जाते, आत जात नाही. तू तिथली मालकीण नव्हतीस, पगारी होतीस, पण मालकाला कुणी मेंबर ओळखतही नसे. लोक पुस्तक टेबलावर ठेवायचे आणि तू रजिस्टरला हात लावायच्या आधी विचारायचीस, "काय, कशी वाटली?" कुणी "बरी होती" म्हणालं की तुझं समाधान व्हायचं नाही. "बरी म्हणजे? कुठे बरी?" मग तो माणूस टेबलाशी उभा राहून बोलायचा, मागचा ताटकळायचा आणि थोड्या वेळाने तोही मध्ये तोंड घालायचा. शनिवारची सकाळची शाळा सुटली की मी तिथे येऊन टेबलापलीकडे फरशीवर बसायचे. आठवीत असेन. पोळ्यांची कामं करून येणाऱ्या एक बाई होत्या. त्या एक प्रेमकथा निवडून निघाल्या आणि मी मान वर न करता म्हणाले, "ती बकवास आहे. शेवटी तो मुलगा तिचा मावसभाऊ निघतो." तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. त्यांना दुसरं पुस्तक काढून दिलंस, हसून. परत येताना बसमध्ये मात्र बोललीस. टेबलावरची मराठी तू टेबलावरच ठेवून यायचीस. "तुका आवडला नाय, ता खरा. पण तिका आधी वाचूक दी गो. तुझा मत काय पळान जाता?" मी खिडकीबाहेर बघत राहिले. मला तेव्हा वाटलं होतं, तू चुकीच्या बाजूने आहेस. पुस्तक खरंच बकवास होतं.

आणि घरी, लालबागच्या आपल्या खोलीत, तू ओट्याशी उभी आहेस. पोह्यांच्या डब्याला पुस्तक टेकवलेलं आहे. हात पिठाचे आहेत म्हणून तू उलथन्याच्या दांड्याने पान उलटतेस. ते बरोबर एकच पान कसं उलटतं, हे मला अजून कळलेलं नाही. मी करून बघितलंय, माझ्याकडून तीन-चार पानं जातात. वाचताना तू तोंडाने आवाज काढतेस, "हॅट्", "अगो बाई", "मेलो एकदाचा". बाबा टीव्ही बघताना वैतागतात. तुला सगळं चालायचं: भुतं, खून, राजे, डॉक्टर आणि नर्सच्या प्रेमकथा. भारी पुस्तक आणि हलकं पुस्तक असा भेद तू कधी केला नाहीस, आणि तरी तुझ्या कामचलाऊ कौतुकाला कुणी फसायचं नाही, कारण न आवडलेल्या पुस्तकाबद्दल तू फक्त म्हणायचीस, "छपाई छान आहे."

हॉस्पिटलमध्ये तुला अक्षरं दिसेनाशी झाली तेव्हा मी विचारलं होतं, मी वाचून दाखवू का. दोन पानं ऐकलीस आणि हाताने थांबवलंस. "नको गो. तुझ्या आवाजात सगळी माणसा एकसारखीच बोलतत." तेव्हा आपण दोघी हसलो. बाजूच्या खाटेवरच्या बाईंनी विचारलं, काय झालं, आणि तू त्यांना ते पुन्हा सांगितलंस, माझी नक्कल करून. माझ्या आवाजात राजा, दासी आणि शत्रूचा हेर, तिघंही मशीन कसं चालू करावं ते सांगत होते.

आता मी तुला काकूंबद्दल सांगते. तू त्यांना ओळखायचीस. खोताच्या वाडीच्या अलीकडच्या गल्लीत चार मजल्यांची जुनी बिल्डिंग, चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या त्या. त्या बिल्डिंगच्या लिफ्टचं काम आमच्या कंपनीकडे आलं आणि तपासणीला मी गेले. जाळीचा सरकता दरवाजा असलेली लिफ्ट, आत बसायला लाकडी पाट. आदल्या वर्षी गणपतीच्या आधी सोसायटीने बिल्डिंग रंगवली होती आणि उत्साहाच्या भरात लिफ्टचा खड्डा, रूळ आणि लिफ्टचं पोटही हिरव्या ऑइल पेंटने रंगवून काढलं होतं. सेक्रेटरी अभिमानाने दाखवत होते. "बघा मॅडम, खालून बघा. कुणी रंगवतं का एवढं?" मी खालून बघितलं. जबडे रंगाखाली गाडले गेले होते. तपासणीत वेगाची मर्यादा ओलांडली आहे असं लिफ्टला हाताने भासवायचं असतं. मी ते केलं. लिफ्ट थांबायला हवी होती. ती आरामात खाली जात राहिली. रंग खरवडला तेव्हा आतला एक जबडा गंजून तडकलेला निघाला, आणि तो भाग बनवणारी कंपनी केव्हाच बंद झाली आहे. मी लिफ्ट बंद केली आणि प्रत्येक मजल्यावर दरवाजाला सील लावलं.

"चाळीस वर्षं चालतेय," सेक्रेटरी म्हणाले. "तुम्ही आलात आणि बंद पडली."

"पडली नाही. केली."

"तेच ते. नवीन घालायची म्हणजे मीटिंग आली. अर्धे म्हणणार, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार आहे, आता लिफ्ट कशाला. झालं कल्याण."

गच्चीवरच्या मशीनच्या खोलीला कुलूप लावून मी जिन्याने उतरत होते. चौथ्या मजल्यावर एक दार उघडं होतं आणि दारात खुर्ची टाकून काकू बसल्या होत्या. "लिफ्ट तू बंद केलीस?" मी हो म्हटलं. "छान. माझे गुडघे कुठल्या कंपनीचे आहेत ते पण बघून जा." मी थांबले. त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं. "तुझं हे नाक मी कुठेतरी बघितलंय." मग एकदम खुर्चीच्या हातावर थाप मारून म्हणाल्या, "वाचनालयातल्या बाईंची तू! फरशीवर पाय पसरून बसायचीस. मी एकदा अडखळले होते तुझ्या पायाला. सॉरीसुद्धा म्हणाली नव्हतीस." आई, तुझी कुणीतरी आठवण काढली आणि मी तिथे सांत्वन करायला किंवा करून घ्यायला उभी नव्हते, असं खूप वर्षांनी झालं. मी त्यांना सॉरी म्हटलं. त्या म्हणाल्या, "आता काय उपयोग? पुस्तकं आणून दे. दर आठवड्याला टॅक्सीने दादरला जाऊन बदलून आणत होते. ते तू बंद केलंस ना?"

तर मी पुस्तकं नेऊ लागले. रविवारी सकाळी. माझीच, विकत घेतलेली, वाचून झालेली. पहिली नेली ती लिफ्ट कोसळणारी. पुढच्या रविवारी मी बसायच्या आत त्यांनी विचारलं, "तुला कशी वाटली?" मी दोरांचं सगळं सांगितलं. त्यांनी ते नीट ऐकलं, ऑपरेटर ऐकतात तसं, मध्ये न बोलता. मग म्हणाल्या, "बरं. पण तो बिल्डर लिफ्टमध्ये का चढला?"

"चौदा मजले होते."

"अगं, बायको दहा मिनिटं आधी सांगते, लिफ्ट आवाज करतेय, जाऊ नका. तरी चढला. का? कारण त्याला वाटतं, मी बांधलेली बिल्डिंग मला काय करणार! ते त्या लेखकाला कळलंय. दोराचं सोड तू."

मी दोराचं सोडलं नाही. पण घरी येऊन ते प्रकरण पुन्हा वाचलं.

त्यानंतर आम्ही बरंच काही वाचलं आणि भांडलो. परळमधल्या एका टॉवरची भुताची कादंबरी होती. लिफ्टमध्ये नसलेल्या मजल्याचं बटण मधूनच उमटतं आणि दाबलं की जुन्या गिरणीचा मजला लागतो. अर्ध्यापर्यंत मला खरंच भीती वाटली, कामावर दोन दिवस बटणं मोजली. मग लेखकाने कोण मेलं, कुठे पुरलं, कुणाचा शाप, सगळं समजावून सांगितलं आणि भीती संपली. यावर आमचं एकमत झालं. काकू म्हणाल्या, "भुताला एवढं बोलायला लावलं की ते नातेवाईक वाटायला लागतं." पुण्याच्या दोन कंपनीवाल्यांची प्रेमकथा मला अजिबात पटली नाही. तीनशे पानांचा गैरसमज एका फोनने मिटला असता. काकूंनी आयुष्यभर लोकांचे फोन जोडून दिले होते, त्यांना ती फार आवडली. "लोक नंबर मागायचे, मी जोडायचे, पलीकडून हॅलो आलं की हे ठेवून द्यायचे. रोज. तुला काय माहीत." समुद्र वाढून दादर-माहीम पाण्याखाली गेल्यावरची एक कादंबरी होती. तिच्यातली पातळी, भरतीच्या वेळा, पंप, सगळं लेखिकेने बसून काढलं होतं हे कळत होतं. मला ती वर्षातली सगळ्यात चांगली वाटली. काकूंनी परत देताना म्हटलं, "कागद छान आहे." मी चमकून बघितलं. त्या गालात हसत होत्या. हे वाक्य कुणाचं आहे ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. थोडं बदललं होतं एवढंच.

मग ती ऐतिहासिक. आठशे पानं. तिच्यात प्रत्येक माणूस भाषण करतो, घोडे कधी दमत नाहीत आणि पन्नास कोस दौडून आलेला सरदार पाणीसुद्धा मागत नाही. मी हे सगळं ऐकवलं. काकूंना मात्र ती हवीच होती, आणि ती त्यांना उचलता येत नव्हती. उशीवर ठेवून वाचायच्या, मनगट दुखायचं. तुला आठवत असेल, तू जाडजूड पुस्तकं वयस्कर मेंबरांसाठी बाइंडरकडून दोन भागांत करून घ्यायचीस. मी कधी पुस्तकाचं पान दुमडलेलं नाही. काकूंच्या जेवणाच्या टेबलावर पट्टी ठेवून ब्लेडने मी त्या पुस्तकाचा कणा चिरला. दोन्ही भागांना पुठ्ठा लावून पांढऱ्या दोऱ्याने शिवलं. टाके सरळ आले. काकू बघत होत्या. "हात आईसारखे नाहीत तुझे," म्हणाल्या, "जास्त नीट आहेत." हे कौतुक होतं की नव्हतं, ते मी विचारलं नाही.

सोसायटीची मीटिंग होत नव्हती. झाली की भांडण व्हायचं. काकूंना खाली उतरून काही महिने झाले होते. भाजीवाला पिशवी वर आणून द्यायचा, डॉक्टर कुरकुरत यायचे. त्यांचा मुलगा ठाण्याला टॉवरमध्ये राहतो, तो दर वेळी म्हणायचा, "आई, चल आता." त्या म्हणायच्या, "लिफ्ट होऊ दे, मग बघू." तेव्हा बाजारात एक कादंबरी खूप चालली होती. कुटुंबाची गोष्ट. त्यात मुलं आईला तिच्या घरातून स्वतःकडे घेऊन जातात, सगळे तिच्याशी चांगले वागतात, आणि ती शेवटच्या प्रकरणात मरते. मी ती घेतली आणि एका बैठकीत वाचली. चांगली होती. काही ठिकाणी लेखक रडवायला टपून बसलाय हे दिसतं, पण घर आवरण्याचं प्रकरण, कुठला डबा न्यायचा आणि कुठला नाही, ते खरं होतं. काकूंनी पेपरात तिच्याबद्दल वाचलं होतं. "आणलीस का ती?"

"मिळाली नाही."

"दुकानात दाराशी ढीग लावलाय म्हणे."

"संपली असेल."

काकूंनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, "मिळाली नाही की आणली नाहीस?" मी खोटं बोलत नाही, आई, तत्त्व म्हणून नाही, मला ते नीट येत नाही. मी पिशवीतली दुसरी पुस्तकं काढू लागले. "हे गेले तेव्हा," काकू म्हणाल्या, म्हणजे त्यांचे यजमान, "एक कादंबरी सगळीकडे गाजत होती. मी तुझ्या आईकडे मागत होते. दर खेपेला म्हणायची, बाहेर गेलंय हो पुस्तक. वर्षभर बाहेर! एकदा चप्पल घालायला वाकले तर तिच्या खुर्चीखालच्या पिशवीत तेच पुस्तक. नंतर कधीतरी वाचलं तेव्हा कळलं, पहिल्याच पानावर नवरा मरतो."

"तुम्ही तिला बोलला नाहीत?"

"काय बोलणार? मला बरं वाटलं. माझ्यासाठी कुणीतरी खोटं बोलायचे कष्ट घेत होतं." मग चष्मा पुसत म्हणाल्या, "तिला जमायचं. तुझा चेहरा बघ. चोरी पकडल्यासारखा."

दिवाळीनंतर त्या घरात पडल्या. फार लागलं नाही, कोपर सुजलं. पण त्या दिवशी मुलाने ठरवून टाकलं. मला त्याने बिल्डिंगखाली बोलावलं, सेक्रेटरीही होते. तो वाईट माणूस नाही. ऑफिसातून आला होता, गळ्यात ओळखपत्र तसंच होतं. "ताई, तुम्ही आईकडे येता, मला माहीत आहे. एकदाच लिफ्ट चालू करा. फक्त तिला खाली आणायला. दोन मिनिटांचं काम."

"नाही होणार."

सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, त्यापेक्षा सहा महिन्यांपुरती सही द्या ना. लिफ्टमन ठेवतो, एका वेळी एकच माणूस. मग त्यांना घर सोडायची पण गरज नाही. तुम्ही ठरवलंत तर सगळ्यांचंच भलं आहे."

मी त्या क्षणी काय विचार केला ते सांगते. मला कळत होतं की ते बरोबर बोलतायत. मी सही केली तर काकू इथेच राहतील. लिफ्ट चाळीस वर्षं चालली आहे आणि आणखी सहा महिने चालण्याची शक्यता न चालण्यापेक्षा खूप जास्त आहे. हा हिशेब मला कुणीही विचारला असता तर मी हाच मांडला असता. आणि तपासणीच्या दिवशी जबड्यांनी रूळ पकडायला हवे असताना संथपणे खाली जाणारी ती हिरवी लिफ्टही मला दिसत होती. मी म्हटलं, "सही होणार नाही. एका दिवसाचीही नाही."

मुलगा माझ्याकडे बघत राहिला. "तुम्हाला तिचं काहीच वाटत नाही का?"

 मी वर गेले. काकूंनी खालचा आवाज ऐकला होता, त्या बिल्डिंगमध्ये सगळं वर ऐकू येतं. "सही नाही केलीस ना? बरं केलंस. केली असतीस तरी मी त्यात बसले नसते." मी विचारलं, माझ्यावर विश्वास म्हणून? "छे. ती लिफ्टची कादंबरी वाचलीय ना मी." मग कपाटाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "पिशवी भरायला मदत कर. पुस्तकं शेवटी."

त्यांना मंडळाच्या मुलांनी खुर्चीत बसवून खाली नेलं. दरवर्षी गणपती तेच उतरवतात, वळणावर कुणी कुठे खांदा द्यायचा हे त्यांना पाठ आहे. खुर्चीला दोन बांबू बांधले होते. दुसऱ्या मजल्यावर एकाच्या तोंडून सवयीने "मोरया!" निघालं आणि बाकीचे हसू दाबायला लागले.

"मेल्यांनो," काकू वरून ओरडल्या, "विसर्जनाला नेताय काय मला?"

"नाही काकू, पुढच्या वर्षी लवकर या!"

"आधी नीट धर, आडवी करशील. आणि तू, तुझी आई म्हणत होती तू अजून बारावी देतोयस. पास होशील तोवर मी परत येईन."

सगळी बिल्डिंग जिन्यात उभी होती. कुणी हसत होतं, कुणी डोळे पुसत होतं. मी सगळ्यात मागे, पुस्तकांची पिशवी घेऊन उतरत होते आणि प्रत्येक वळणावर त्या जाळीच्या दरवाजावरचं माझं सील दिसत होतं. गाडीत बसल्यावर काकूंनी काच खाली केली. "ती कादंबरी आता दे. न मिळालेली." ती माझ्या पाठीवरच्या बॅगेत होती. मी दिली.

त्यांचा फोन आला तेव्हा मी शिवडीच्या एका गोदामात मालाची लिफ्ट तपासत होते. "वाचली," म्हणाल्या. मी विचारलं, कशी वाटली? "शेवटपर्यंत छान. शेवट खोटा आहे. पुस्तकात ती बाई मरते. मरत वगैरे काही नाही गं माणूस. फक्त दुपार मोठी होते." पलीकडे टीव्हीचा आवाज होता, कुणीतरी त्यांना औषधाचं विचारत होतं. "अठराव्या मजल्यावर आहे मी. दोन लिफ्ट आहेत, आवाजसुद्धा करत नाहीत. ये एकदा बघायला." मी म्हटलं, येते. "आणि काय वाचतेस?" मी वाचत होते त्याचं नाव सांगितलं. कशी आहे, हे त्यांनी विचारलं आणि मला मत देता आलं नाही. पुस्तक अर्धंच झालं होतं, हे कारण मी दिलं. ते पूर्ण झालंय. अजून मत झालेलं नाही. वाचताना मी थांबते, इथे काकू काय म्हणतील, आई "हॅट्" म्हणाली असती का, असं बघते, आणि माझं स्वतःचं म्हणणं कुठे आहे ते सापडत नाही. ठाण्याला जायला तास-सव्वा तास लागतो. गेल्या तीन रविवारी मी गेले नाही. पुस्तकं निवडून ठेवली आहेत. त्या घरात त्यांच्या सुनेसमोर, सोफ्यावर बसून मी बोलले तर तो अहवालच वाटेल, असं मला वाटतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. लॅपटॉपवर लिहिलंय, बंद करताना तो विचारेल, ठेवायचं का, तेव्हा बघेन. मी लिफ्ट बंद केली ते बरोबर होतं. पुन्हा तशीच वेळ आली तर पुन्हा करेन, यात मला शंका नाही. पण त्या महिन्यांत मीटिंग पुढे ढकलली गेली की सेक्रेटरी वैतागून मला फोन करायचे. मी त्यांना म्हणायचे, "लवकर ठरवा, वर वयस्कर माणसं अडकली आहेत." त्यांना ते खरं वाटायचं, आणि ते खरंही होतं. फोन ठेवल्यावर, पुढचा रविवार तरी पक्का म्हणून, मला बरं वाटायचं, आई.